कार्पेटची लव

सभागृहाच्या जमिनीवर काय घालायचं, या विषयावर आमच्या सहकारी संस्थेच्या संचालक मंडळाच्या तीन बैठका झाल्या. छपरातून पाणी झिरपत होतं, त्यावर एकच झाली.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. जळगावात तेव्हा फरशी होती, सतरंजी होती, लग्नात जाजम होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटून बसलेलं कार्पेट मी तरी पाहिलं नव्हतं. आमचे चेअरमन मुंबईत एका मोठ्या हॉटेलात परिषदेला जाऊन आले, आणि तिथे कितीही मोठा माणूस चालला तरी पावलांचा आवाज होत नाही, हे त्यांच्या मनात बसलं. आमच्याकडे मोठा माणूस आल्याचं तोवर पावलांच्या आवाजावरूनच कळायचं. तरी ठराव एकमताने मंजूर झाला. एकमत हा आमच्या संस्थेचा स्वभावच होता.

मी भांडार विभागात होतो. आलेला माल मोजायचा, तपासायचा, ‘योग्य आहे’ असं लिहून सही करायची, हे माझं काम. कार्पेटबरोबर एक इंग्रजी पत्रक आलं आणि इंग्रजी वाचणारा म्हणून तेही माझ्याकडे आलं. चार रोल होते, प्रत्येक बारा फूट रुंद. मरून रंग, त्यावर अष्टकोन, अष्टकोनात पिवळसर फूल, आणि दर दीड फुटाला तीच नक्षी पुन्हा. दिसायला छान होतं. अडचण अशी की रोलच्या काठावर फूल अर्धंच येई. उरलेलं अर्धं शेजारच्या पट्ट्यावर असे आणि दोन अर्धी एकमेकांसमोर यायला हवी होती. पाव इंच चुकलं की फूल मोडतं. एकदा मोडलं की पुढे साठ फूट मोडतच जातं.

हे काम मुंबईच्या फिटर लोकांना द्यायचं असं जवळपास ठरलं होतं. त्यात मी नाक खुपसलं.

धुळ्याला एका नातेवाइकाच्या लग्नात मी एक जाजम पाहिलं होतं. लग्नात मंगलाष्टकं लांबली की माणूस खाली पाहतो, तसं मी पाहत होतो. छापील वेलबुट्टीचं जाजम, दहा-बारा पट्टे जोडून केलेलं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल कुठेही तुटत नव्हती. शिवण शोधायला मी खाली बसलो, तेव्हा वधूपक्षाच्या एका गृहस्थांनी मला चक्कर आली असं समजून पाणी आणलं. मग मी मांडववाल्याची चौकशी केली. साठीकडे झुकलेला, मुंडासं बांधलेला माणूस, सगळे त्याला आबा म्हणत. शिवण मात्र त्यांची नव्हती. ती त्यांच्या बायकोची, अक्कांची. आबा मोजत, कापत, मांडत आणि अक्का जोडत. तीस वर्षं असं चाललं होतं.

आबांचे गुडघे गेले होते. मांडवाच्या वाशांवर चढणं बंद झालं होतं आणि मांडववाला वर चढेनासा झाला की लोक दुसरा मांडववाला बघतात. जमिनीवरचं काम तेवढं त्यांना जमण्यासारखं होतं. म्हणून मी टिपण लिहिलं, की नक्षी जुळवणारा कारागीर आपल्याच खानदेशात उपलब्ध आहे. आमचे सचिव प्रत्येक वाक्यात तीन वेळा ‘साहेब’ म्हणत. ते म्हणाले, “साहेब, जाजमवाला कार्पेट लावणार म्हणजे साहेब, कमालच आहे साहेब.”

चेअरमन म्हणाले, “लावू द्या. चांगलं झालं तर धुळ्याच्या शाखेचं सभागृहही त्यालाच देऊ. नाही झालं तर मुंबईवाल्यांना बोलावून सगळं उपटून टाकू.”

हे मी आबांना शब्दशः सांगितलं. त्यांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “म्हंजे दोन्ही जागानं काम एकाच शिवणवर शे.”

दोघं एसटीने आले, आमच्या विश्रामगृहाच्या मागच्या खोलीत उतरले आणि कामाला लागले. पहिले दोन दिवस त्यांनी कार्पेटला हातच लावला नाही. भिंतीलगत लाकडी पट्ट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि खोलीचे कोपरे काटकोनात नाहीत हे शोधून काढलं. वास्तुविशारदाला ते मान्य नव्हतं, पण दोरीला होतं. मग एकेक रोल उलगडून, थोडं जास्तीचं ठेवून, पट्टे कापले. पट्टे शेजारी शेजारी आले की अक्का काठ दुमडून मागच्या बाजूने शिवायच्या. वाकडी सुई, मेण लावलेला जाड दोरा. मधूनमधून डोळे मिटून शिवणीवरून अंगठा फिरवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “डोया फसाडतस, भाऊ. आंगठा नही फसाडत.”

दुसरा पट्टा उलगडताना त्या थांबल्या. तळहात त्यावरून पुढे नेला, मागे आणला. “ऐका ना. हाऊ पट्टा हातले उलटा लागस.”

आबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले, फुलाला फूल लावून पाहिलं. तंतोतंत बसत होतं. “काठले काठ बठ्ठा बराबर शे. जाजम आसंच लावतस ना? एक सुलटा, एक फिरायेल. तू शिव वं.”

खानदेशातली मांडववाली मंडळी जाजम तसंच जोडत. एक पट्टा सरळ, पुढचा टोकाकडून टोकाकडे फिरवलेला. त्यामुळे छपाईचा जो काठ जरा फिका असेल तो फिक्याशीच भिडतो, गडद गडदशी, आणि जोड दिसत नाही. तीस वर्षांत आबांच्या हातून दुसऱ्या पद्धतीने पट्टा पडला नव्हता. आमची नक्षी अशी होती की फिरवली तरी फूल फूलच राही. त्यामुळे त्यांना अडवायला काहीच नव्हतं.

मी होतो. मी तिथेच उभा होतो, हातात पत्रक होतं. कार्पेटच्या पाठीवर दर दोन हातांवर एक छोटा काळा बाण छापला होता, तोही मी पाहिला होता. खोक्यांवर छत्री आणि पेला छापतात तसं काहीतरी असेल, असं मी ठरवून टाकलं. पत्रकात त्यावर एक परिच्छेद होता. तो मी वाचला नाही, कारण त्याआधीचे तीन परिच्छेद कंपनीने स्वतःची स्तुती करण्यात घालवले होते आणि चौथाही तसाच असेल असं मला वाटलं. स्तुती करणाऱ्यांबद्दलचा माझा हा संशय सहसा बरोबर ठरतो.

अक्का शिवत राहिल्या. झालेल्या भागावर धूळ बसू नये म्हणून आबा लगेच मांडवाचं पांढरं कापड पसरत. आठव्या दिवशी शेवटची शिवण झाली. उद्घाटनाला चार दिवस होते. मी पोलादी टेप घेऊन तिन्ही शिवणींवरून गुडघ्यांवर चालत गेलो. कापड थोडं थोडं उचलून प्रत्येक फूल तपासलं. एकही मोडलेलं नव्हतं. मी तपासणीच्या कागदावर ‘जुळणी अचूक’ असं लिहिलं. ‘अचूक’ हा शब्द मी एरवी वापरत नसे. सही केली.

दुपारी कापडं काढून घडी घातली. आबा-अक्का सामान बांधत होते, धुळ्याची बस पाच वाजता होती. मी ध्वनिक्षेपकाच्या तारेसाठी व्यासपीठावर चढलो. व्यासपीठामागे उंच खिडक्या होत्या, पश्चिमेकडच्या. चार वाजून गेले होते आणि ऊन तिरपं आत आलं होतं. मी वळून पाहिलं.

सभागृहात चार पट्टे होते. पहिला उजळ, दुसरा काळपट, तिसरा उजळ, चौथा काळपट. एकाड एक वाफ्याला पाणी सोडलेलं शेत असावं तसं. फुलं सगळी जागेवर होती, आणि त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जाण्याचं काही कारण उरलं नव्हतं.

मला वाटलं, ओल आली. खाली उतरून हात लावला, कोरडं होतं. दाराशी जाऊन पाहिलं तर उलटं झालं. उजळ होते ते काळपट, काळपट होते ते उजळ. मग मी पत्रकाचा चौथा परिच्छेद वाचला. कार्पेटला लव असते, ती एका दिशेला झुकलेली असते, पाठीवरचा बाण ती दिशा दाखवतो, आणि सर्व पट्ट्यांचे बाण एकाच बाजूला असावेत. साध्या इंग्रजीत लिहिलं होतं.

मी दोघांना व्यासपीठावर नेलं. आबा बराच वेळ पाहत राहिले. मग पायरीवर बसले.

“मी सांगं व्हतं,” अक्का म्हणाल्या. आवाज चढवला नाही. एवढं एकदाच म्हणाल्या, आणि ते आबांना जास्त लागलं असावं.

थोड्या वेळाने आबा म्हणाले, “भाऊ, तुम्ही सही करी टाकेल शे. आम्ही बसमा बसी जातूत तर कोनी काय म्हननार नही.”

“नाही म्हणणार,” मी म्हणालो. कार्यक्रम सकाळी अकराला होता. त्या वेळी खिडक्यांत ऊन नसे. प्रमुख पाहुणे बोलून, जेवून एक वाजता निघून गेले असते.

“पन उजेड तर रोज येई,” आबा म्हणाले आणि पिशवीची गाठ सोडू लागले. बस गेली.

करायचं काय ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. तिन्ही शिवणी उसवायच्या, दुसरा आणि चौथा पट्टा उचलून फिरवायचा, पुन्हा जोडायचा. पण पट्टे भिंतीला भिडवून कापलेले होते. फिरवल्यावर फुलाला फूल लावायचं तर पट्टा सात इंच सरकवावा लागत होता. म्हणजे एका टोकाला सात इंच जमीन उघडी. कापताना उरलेले तुकडे होते, त्यातून पट्टी जोडता आली असती. प्रश्न होता तो जोड कुठे घ्यायचा, दाराकडे की व्यासपीठाकडे.

आबा म्हणाले, दाराकडे. दारातून शिरताना कोण खाली पाहतं?

“बठ्ठा दखतस,” अक्का व्यासपीठाच्या पायथ्याकडे हात करून म्हणाल्या. “दारमा लोके चपला काढतीन ना. याफाके घ्या. आठे पाव्हनास्ना सोफा येतीन. पाव्हना कधी खाले दखत नही.”

चपलांचं त्या खरं बोलत होत्या. आमच्याकडे जाजमावर कोणी पायताण घालून येत नाही, आणि हे जाजम नव्हे हे लोकांना कोण सांगणार होतं? पाहुण्यांबद्दलचं त्यांचं निरीक्षणही मला मान्य होतं. जोड व्यासपीठाकडे घ्यायचा ठरला.

तपासणीचा कागद मी टेबलातून काढून फाडला. चेअरमनना सकाळी जाऊन सांगायचं असं ठरवलं. सकाळी मी पोचण्याआधीच ते खुर्च्या पाहायला सभागृहात आले. मी धावत गेलो तेव्हा दुसरा पट्टा अर्धा उचलून पाठ वर करून ठेवला होता, अक्का उसवत होत्या आणि चेअरमन दारात उभे होते. मागे सचिव.

“साहेब, मी तेव्हाच म्हणालो होतो साहेब,” सचिव म्हणत होते.

चेअरमननी उसवलेल्या शिवणीकडे पाहिलं. मग म्हणाले, “मुंबईला फोन लावा.” आणि आत आले, बुटांसकट, उलट्या पडलेल्या पट्ट्यावरून.

आबा उठून उभे राहिले होते. हातात मुंडासं. मी तोंड उघडलं, पण वाक्याची सुरुवात कुठून करावी हे सुचेना.

अक्कांनी सुई खाली ठेवली नाही. “नाना, पहिले जोडा काढा,” त्या म्हणाल्या.

आमच्या चेअरमनना नाना म्हणणारी माणसं गावाकडे होती, यावल भागात, जिथे त्यांच्या केळीच्या बागा होत्या. संस्थेच्या इमारतीत तो शब्द कधी ऐकू आला नव्हता. पण आईच्या वयाच्या बाईने जाजमावर उभ्या राहिलेल्या माणसाला जे म्हणावं तेच त्या म्हणाल्या होत्या, आणि चेअरमनच्या पायांनी डोक्याला न विचारता ते ऐकलं. त्यांनी उभ्या उभ्या बूट काढले. सचिवांच्या बुटांना नाड्या होत्या. ते दारातच खाली बसले आणि पुढचं सगळं त्यांनी गाठी सोडवता सोडवता ऐकलं.

“आते हात फिराई दखा,” अक्का म्हणाल्या. “आठून तठे. आते तठून आठे.”

चेअरमन उकिडवे बसले. सफारीच्या पँटला ते मानवत नव्हतं. त्यांनी पहिल्या पट्ट्यावरून हात पुढे नेला, मागे आणला. मागे आणताना मरून रंग काळा पडला आणि पाच बोटांचा फराटा उमटला. त्यांनी तो पुन्हा पुढे हात फिरवून पुसला. पुन्हा काढला.

“हे त बैलाचं पाठाड हाय,” ते म्हणाले. हा आवाज मी बैठकांमध्ये कधी ऐकला नव्हता. “पोळ्याला बैल धुवून उलटा हात फिरवला का असंच दिसतं. एका जोडीतला एक बैल उलटा उभा केला म्हणा ना.”

“तसंच झालं साहेब,” मी म्हणालो, आणि मग मला बोलता आलं. बाण पाहिले होते, वाचलं नव्हतं, सही केली होती, आता सात इंच कमी पडत होते, हे सगळं सांगितलं.

“तेस्ना नही, मन्हा दोस शे,” आबा म्हणाले. “मी फिरायं.”

चेअरमननी अक्कांकडे पाहिलं.

“मन्हा नही,” अक्का म्हणाल्या.

चेअरमन हसले नाहीत, पण हसू दाबताना माणूस जसा नाकाने श्वास सोडतो तसा सोडला. “कधी होईल?”

“परोंदिन दुपारलगुन.”

“परवा चार वाजता मी येतो. ऊन असताना. तेव्हा नाही जमलं तर मात्र मुंबई.” मग दाराकडे वळून म्हणाले, “फोन राहू द्या.” सचिवांचा एक बूट तोवर निघाला होता.

पुढचे दोन दिवस मी कार्यालयात फारसा नव्हतो. पट्टे ओढायला माणूस लागायचा आणि माझ्या हुद्द्याला त्याहून उपयुक्त काम शोधता येईना. साठ फुटी पट्टा जागचा हलवणं म्हणजे झोपलेल्या म्हशीला समजावण्यासारखं असतं. आबा दोरी धरून इंचाइंचाने हाका देत, मी ओढत असे. फूल फुलासमोर आलं की अक्का हात टेकवून लव कुठे झुकते ते पाहत आणि मगच सुई लावत. आबा आता त्यांना विचारत होते. तोंडाने नव्हे. पट्टा बसला की ते मागे सरून उभे राहायचे, अक्कांचा हात फिरून होईपर्यंत.

सात इंचांची पट्टी शेवटी आली. दोन पट्टे, म्हणजे बारा-बारा फुटांचे दोन जोड. इथे नुसतं फूल जुळवून भागणार नव्हतं. लवही जुळायला हवी होती, आणि जोड लवेला आडवा होता. अक्कांनी तुकड्याची कड कात्रीने न कापता लवेच्या दोन ओळींमधून पात्याने हळूहळू फाडत नेली, एकही तंतू न तुटता. एका जोडाला सकाळ गेली, दुसऱ्याला दुपारचं जेवण. शिवून झाल्यावर त्यांनी नारळाची शेंडी ओली करून जोडावरून फिरवली, लव उभी केली, आणि तळहाताने एका बाजूला निजवली.

चार वाजता चेअरमन एकटेच आले. बूट दारात काढले. आधी व्यासपीठावर उभे राहिले, मग दारात, मग पुन्हा व्यासपीठावर. ऊन खिडक्यांतून आत आलं होतं. सभागृहात एकच मरून रंग होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आबा भिंतीला टेकून उभे होते आणि जमिनीकडे न पाहता चेअरमनच्या तोंडाकडे पाहत होते.

“सात इंच कमी पडले होते म्हणालात ना? मग जोड कुठे आहे?”

चेअरमन व्यासपीठासमोर वाकून शोधू लागले. एकदा त्यांनी बोट ठेवलं, ते चुकीच्या जागी होतं. दहा मिनिटांनी ते सरळ झाले, कंबर धरली आणि मला म्हणाले, “कागद करा तुमचा.” मी केला. ‘अचूक’ लिहिलं नाही. ‘चार वाजताच्या उजेडात पाहिलं, ठीक आहे’ असं लिहिलं. सचिवांनी नंतर त्या वाक्याला हरकत घेतली, कारण नमुन्यात वेळेचा रकाना नव्हता.

उद्घाटन झालं. पाचशे माणसांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि अनवाणी येऊन गादीच्या खुर्च्यांवर बसली. प्रमुख पाहुणे बूट घालून आले आणि आत शिरताना एवढ्या चपला पाहून त्यांनी विचारलं, की इथे देऊळ आहे का. त्यांचं भाषण सव्वा तास चाललं. भाषणाआधी ते सोफ्यावर बसले होते, आणि त्यांचे बूट बरोबर सात इंचांच्या पट्टीवर होते. त्यांनी खाली पाहिलं नाही.

आबा आणि अक्का शेवटच्या रांगेत होते. चहाच्या वेळी चेअरमन गर्दीतून वाट काढत तिथपर्यंत आले. आबा उठले. पण चेअरमन अक्कांच्या समोर थांबले.

“अक्का, धुळ्याच्या शाखेचं सभागृह याच्यापेक्षा मोठं आहे. कार्पेट पुढच्या महिन्यात येईल. नक्षी वेगळी आहे, मोराची. कधी सुरू करता?”

तीस वर्षं असल्या प्रश्नाचं उत्तर आबाच देत आले होते. त्यांनी अक्कांकडे पाहिलं आणि कपातला उरलेला चहा बशीत ओतत राहिले.

“मोर फिरायात तर उलटा चालतीन,” अक्का म्हणाल्या. “पहिले रोल उलगडी दखाडा, नाना. हात लाई दखसू. मंग सांगसू.”